मी गिळलेला बोरीफाटा

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. पण मोडका म्हणाल तर खबरदार! मी एक प्रोग्राम आहे, अवघ्या दीडशे ओळींचा. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. मला ना रंगीत बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर माझं नाव लिहायचं, त्यापुढे काय हवं ते लिहायचं, एन्टर दाबायचं, की मी कामाला लागलो.

दुपारच्या पाळीच्या बायकांना आणायला कारखान्याची गाडी जाते. तिवसा आणि मोझरी हे तिचे रोजचे थांबे, ते ड्रायव्हरला पाठ आहेत. पण हायवे सोडून आतल्या वस्तीत राहणाऱ्या बायका ज्या दिवशी कामाची पाळी असेल त्या दिवशी फोन करतात, आणि गाडी तेवढ्यापुरती त्यांच्या फाट्यावर वळते. आधी हे फाटे चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी हरवत असे. बोरीफाट्याची पंचफुलाबाई एकदा भर उन्हात दोन तास उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन ती कडाडली, "आमी माणसं हाओ का ढोरं? एक फोन केला, तोई तुमच्यानं ध्यानात राहत नाही?"

तेव्हा रागिणी ऑफिसात नवीन होती, अकोल्याला शिकून आलेली. तिला ते लागलं. तीन दिवस बसून तिनं मला लिहिलं, आणि काय जीव लावून लिहिलं! एकच शब्द दोनदा आला तर काय करायचं, हे तिनं मला नीट शिकवलं. 'फाटा' दोनदा आला, म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणचे फाटे असले, तर दोन्ही घ्यायचे, पाचदा आला तर पाचही घ्यायचे, एकही सांडायचा नाही. 'तारीख' दोनदा आली तर मात्र थांबायचं आणि विचारायचं, यातली कोणती? कारण गाडी निघते एकाच दिवशी. "मावशी, आता तुमचा फाटा सुटत नाही," असं रागिणी म्हणाली तेव्हा पंचफुलाबाईनं तिला मोर्शीच्या माहेरची संत्री आणून दिली होती.

चार वर्षं मी इमानानं राबलो. रोज गाडी निघायच्या आधी ऑफिसातले कारकून धर्मपालभाऊ फोन घ्यायचे, फाटे टाइप करायचे, आणि यादीचा कागद थेट ड्रायव्हरच्या खोलीत छापून निघायचा. धर्मपालभाऊंना एक खोड होती. तारीख चुकली की मागे जाऊन खोडायचा कंटाळा. ते पुढे दुसरी तारीख ठोकून मोकळे. मी आपला विचारायचो, कोणती? एका शनिवारी ते वैतागले.

"मॅडम, हा लय डोकं खाते. याले म्हणा, शेवटची तारीख घे अन् गुमान कामाले लाग."

रागिणीला अकोल्याची बस गाठायची होती. तिनं खुर्चीवर न बसताच माझी एक ओळ बदलली. जे काही दोनदा येईल त्यातलं शेवटचं घ्यायचं, बाकीचं सोडायचं, विचारायचं नाही. तिच्या मनात तारीख होती. पण ती ओळ सगळ्यांनाच लागू झाली, फाट्यांनाही. एक फाटा टाकून तिनं मला तपासलं, यादी बरोबर आली, आणि ती गेली.

पंचफुलाबाई वेळेची पक्की. बारा वाजायच्या आत तिचा फोन यायचा, म्हणून बोरीफाटा नेहमी पहिला टाइप व्हायचा. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा फोन आला नाही तर गाडी तिच्याकडे बरोबर जायची. पण तिच्यामागून टाकळीफाटा आला की मी बोरीफाटा गिळून टाकायचो. तिनं आधी फोन केला, हाच तिचा गुन्हा! आणि मला ओरडायची सोयच ठेवली नव्हती.

महिन्यात तिचे तीन खाडे पडले. न कळवता तीन खाडे म्हणजे काम बंद, असा तिथला नियम. ड्रायव्हर म्हणाला, "कागदावर फाटाच नोयता, मी काहून वळू?" धर्मपालभाऊ म्हणाले, "साहेब, म्या टाकला होता." मग मॅनेजरसाहेबांनी रागिणीला मला तपासायला बसवलं.

तिनं मला उघडलं. ती त्या ओळीवर आली आणि तिनं ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता सांगेल. त्याच आठवड्यात तिचं नाव मोठ्या जागेसाठी वर जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही वाटलं, सांगेल.

"प्रोग्राम बरोबर आहे सर," ती म्हणाली. "चार वर्षांत एकदाही चुकला नाही. फोनच आला नसेल, भाऊंना दुसऱ्याच दिवसाचा आठवत असेल."

पंचफुलाबाई दारातच उभी होती. "पोरी, तू तरी सांग व. तुले तं मालूम हाये, बाराच्या आत माहा फोन असते."

"मावशी, मशीन खोटं नाही बोलत."

"मंग मीच खोटी," एवढंच पंचफुलाबाई म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

त्याच संध्याकाळी रागिणीनं ती ओळ गुपचूप पूर्वीसारखी केली. दुसऱ्या दिवशी धर्मपालभाऊंनी दोन फाटे टाकले, कागदावर दोन्ही उतरले. "आता दोनी येऊन राहिले, मंग तवा काहून नाही आले?" त्यांनी विचारलं. "आज तुम्ही नीट टाइप केलं असेल," रागिणी म्हणाली. पंचफुलाबाईच्या जागेवर तोवर दुसरी बाई लागली होती.

मित्रांनो, माझ्या जन्मदातीनं मला दगा दिला, आणि तो माझी स्तुती करून दिला. अगं, माझ्यावर ढकलायचं होतंस ना! मला ना चूल, ना लेकरं. फार तर मला पुसून दुसरा लिहिला असता, त्यानं कुणाची भाकर गेली नसती. तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखं काही लिहील. त्याला विचारू द्या, त्याचं तोंड बांधू नका. आणि चुकलात, तर उभं राहून चुकलो म्हणा.

ऑफिसात नवीन माणूस आला की साहेब आजही मला दाखवतात. म्हणतात, हा आमचा कधीच न चुकलेला प्रोग्राम. रागिणी शेजारीच उभी असते, आणि मान डोलावते.