सोनोग्राफीचा काळा पडलेला कागद

मित्रांनो, मी एक काळा कागद आहे. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडक, चकचकीत. पूर्वी माझ्यावर एक बाळ होतं.

मला शाई लागत नाही. माझ्या अंगावर एक पातळ थर आहे. जिथे उष्णता लागते तिथे तो काळा पडतो. भंडाऱ्याच्या एका सोनोग्राफी केंद्रात मी यंत्रातून सरसर बाहेर आलो, तेव्हा आंधळगावची रुचिता पोटावरचा जेल पुसतच होती. तेवढ्या वेळात माझ्यावर कपाळ, नाक, ओठांशी नेलेली मूठ, सगळं उमटलं होतं. इतक्या झटपट इतकं रेखीव काम दुसरा कोणता कागद करतो? मला फार अभिमान वाटला.

घरी सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, मला चष्म्याजवळ धरलं. "नाक तं आपल्या मंगेशचंच हाय वं."

"अन् मूठ तुमची, आई," रुचिता हसली. "आतापासूनच मारायले तयार."

मंगेश म्हणाला, "मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव याचा."

"कागद घरात असल्यावर फोटो कायले?" रुचिता म्हणाली.

बाळ घरी आलं नाही. जन्मलं त्याच दिवशी गेलं. त्या धावपळीत त्याचा फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही. उरलो मी एकटा.

रुचिता मला पर्समध्ये घेऊन फिरायची. पण उजेड, घाम, पर्सचं प्लास्टिक, यातलं काहीच मला सोसत नाही. नाक पुसट झालं तशी ती घाबरली आणि मला लिलाधरच्या लॅमिनेशनच्या दुकानात घेऊन गेली.

"भाऊ, पक्का करून द्या. फिका पडून राहिला."

"द्या, वहिनी. आता याले काही होत नाही."

यंत्राचे रूळ तापलेले होते. ज्या उष्णतेनं माझ्यावर बाळ रेखाटलं होतं, तिनंच ते झाकून टाकलं.

लिलाधर मला उलटसुलट करत राहिला. "मले मालूम नव्हतं, वहिनी."

केंद्राच्या यंत्रातही तो फोटो आता नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कागद असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. त्याला उन्हात ठेवू नका, गरम यंत्रात घालू नका. माझ्यासाठी आता कोणाला काही करता येणार नाही.

रुचिता दुपारी मला मांडीवर घेते. "इथं नाक होतं," म्हणून बोट ठेवते. आधी ते बरोबर नाकावर पडायचं. आता रोज थोडं सरकतं. काल ते पार कोपऱ्यात होतं, जिथं कधीच काही नव्हतं. मला तिला सांगता येत नाही.