न उलटलेले पान

त्या शिवणघरात पूर्वापार एक रीत चालत आली होती. कामाच्या वेळी एकीने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकत शिवायचे. वाचणारीच्या वाट्याचे शिवण बाकीच्यांनी आपसांत वाटून घ्यायचे. माना खाली आणि दृष्टी टाक्यावर असल्यामुळे कथा तेथे केवळ कानांनीच ग्रहण केली जाई. दीर्घ सवयीने त्या कानांना पानाची सळसळसुद्धा कथेचाच भाग वाटू लागली होती.

वाचनाचा मान सध्या नणंदेकडे होता. तिची भावजय खिडकीपाशी बसून सदऱ्यांना काजे करी. दोघी एकाच घरात राहत. नणंदेचा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, थंडीच्या दिवसांत आजाराने गेला आणि तेव्हापासून भावजयीच्या डोळ्यांतून टिपूसही आले नव्हते. ती वेळेवर उठे, वेळेवर कामाला येई आणि कोणी सांत्वनाचा शब्द काढलाच, तर “दोरा संपला वाटतं,” म्हणून उठून जाई. कोंडलेले दुःख एक दिवस हिला आतून पोखरून टाकील, ही धास्ती नणंदेच्या मनातून जात नव्हती.

हल्ली एका नावाड्याची कादंबरी वाचनात होती. जेवणाच्या सुट्टीत नणंदेने पुढचे पान चाळले आणि हातातला घास परत डब्यात ठेवला. भावजय हात धुवायला गेल्याचे पाहून ती हलकेच म्हणाली, “नावाडी बुडतो गं.”

“अगं बाई! वहिनीसमोर नको हं मारूस त्याला,” एक शिवणारीण म्हणाली.

“छापलंय ते. मी काय करू?”

“छापणाऱ्याला कुठे कळणार आहे!” कापड बेतणारे काका म्हणाले. कात्रीच्या अखंड सहवासामुळे सगळ्या त्यांना कातरकाका म्हणत. “काढ बाहेर बिचाऱ्याला. पुण्य लागेल.”

वाचन सुरू झाले. नदी चढली, नाव उलटली आणि नावाड्याची बायको काठावर धावत आली. येथे नणंदेने क्षणभर श्वास घेतला व पुस्तकावरची दृष्टी न हलवता नावाड्याच्या हाती एक ओंडका दिला. मग तो काठाला लागला, घरी आला, शेकोटीपाशी बसला, पोटभर जेवला आणि बायकोची बोलणीही त्याने खाल्ली.

“वाचला एकदाचा!” कातरकाका म्हणाले. “मी म्हटलंच होतं, गडी पट्टीचा पोहणारा आहे.”

भावजयीची सुई थांबली. “पान उलटलं नाहीस तू.”

“अं?”

“तो बुडाला, निघाला, घरी जाऊन जेवलासुद्धा. आणि पान तेच?”

नणंद पुटपुटली, “वहिनी, तुला त्रास होऊ नये म्हणून...”

“नदी चढतेय म्हणालीस, तेव्हाच ओळखलं होतं मी. घरी त्यांचा विषय निघाला, की तुला भाजीत मीठ कमी लागतं. शेजारच्या काकू मला बघून आवाज बारीक करतात. एवढ्या सगळ्यांत ती नावाडीण तेवढी सोबतीला होती माझ्या. तिच्याजवळ जरा बसायचं होतं गं मला. तिलाही तू उठवून नेलंस.”

“मग तू रडत का नाहीस?” नणंदेचा स्वर चढला. “किती वाट पाहिली मी!”

“रडू कशी? मी रडले, की तू कोलमडशील. भाऊ गेलाय तुझा.”

आपले दुःख आपल्याच नावाने हाक मारते, तेव्हा मनुष्य दार लावून घेतो. तेच परक्याच्या नावाने आले, तर त्याला पाहुण्यासारखे आत घेतो आणि त्याच्याशेजारी निःसंकोच बसतो.

“वाच,” भावजय म्हणाली. “आहे तसं.”

नणंदेने वाचले. नावाडीण काठावर उभी होती. नवरा भिजून येईल म्हणून तिने कोरडा सदरा आणला होता. लोक दिवे घेऊन परतले, तरी तो सदरा तिच्या हातावरच होता; त्याला दव लागू नये म्हणून तिने तो पदराखाली घेतला.

भावजयीने मांडीवरचा सदरा उचलून तोंडाशी धरला आणि इतक्या दिवसांचा बांध फुटला.

“अहो, गिऱ्हाइकाचा आहे तो!” कातरकाका अभावितपणे म्हणाले.

“गप्प बसा हो काका!”

“बसतो, बाई.” आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

नणंदेचा आवाज ओळीच्या मध्येच फुटला. तेव्हा भावजय उठून तिच्या शेजारी येऊन बसली. तिने सदरा नणंदेच्या हाती दिला, पुस्तक स्वतःकडे घेतले आणि हुंदक्यांतून अडखळत पुढे वाचू लागली. नणंदेने डोळे पुसत सुई हाती घेतली. अश्रूंमुळे तिला टाका दिसत नव्हता, तरी ती काज करीत राहिली.

भावजयीने ओळ संपवून तिकडे एक कटाक्ष टाकला. “वाकडं झालंय. उसव ते,” नाक ओढत ती म्हणाली आणि तिने पान उलटले.