तिच्या नावाची फरशी

श्रीकांतने पांढऱ्या भिंतीवरचा आपल्या बायकोचा, अनुराधाचा फोटो उतरवून पालथा ठेवला. खालची मेणबत्ती विझवली.

"मिस्टर दामले, आम्ही आदरानेच लावलाय," हेलन म्हणाली. नॉटिंगहॅममधल्या या खासगी आर्ट कॉलेजात ती उतारवयात शिकायला आलेल्या अनुराधाला शिकवायची.

"फोटो घरी आहे. हारासकट. इथे ती विद्यार्थिनी आहे आणि ही जागा तिच्या नावाची आहे."

अनुराधा मार्चमध्ये गेली. पदवीच्या प्रदर्शनासाठी तिने ठरवलं होतं, की रोज सकाळी फरशीवर रांगोळी काढायची, लोकांनी तिच्यावरून चालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची.

"पण काढणार कोण?" हेलनने हळूच विचारलं.

श्रीकांतने लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय दुकानातून आणलेली रांगोळीची पिशवी दातांनी फाडली आणि गुडघ्यांवर बसला.

दारात उभ्या नंदाला राहवेना. अनुराधाची ही धाकटी बहीणच त्याला गाडीने घेऊन आली होती. त्याला फोटो बघायचाय या समजुतीने.

"भावोजी, वर्ष व्हायचंय अजून! रांगोळी काढतात का? आणि तुम्ही कधी चिमूट तरी धरलीय?"

"नाही."

"लोक काय म्हणतील?"

"इथले? म्हणतील, म्हाताऱ्याच्या हातून मीठ सांडलं."

नंदाने हसू गिळलं आणि तोंड फिरवलं.

ठिपके कुठे गोळा झाले, कुठे विरले. रेघा जाड आल्या. त्याने एकही पुसली नाही. हेलन जाऊन दोरी घेऊन आली, भोवती बांधायला.

"नको," तो म्हणाला. "चालायचंय त्यावरून."

दारं उघडली. लोक आले, थबकले, 'सॉरी' म्हणत भिंतीला चिकटून पलीकडे गेले. एका बाईने तर पोराला उचलूनच घेतलं. श्रीकांत म्हणत राहिला, "प्लीज, वॉक." सगळे हसून मान हलवत आणि कडेने जात. रांगोळी जशीच्या तशी राहिली. त्याचा आवाज बसत चालला.

नंदा अजून दारातच होती. लहानपणी दारातल्या रांगोळीवर पाय पडला म्हणून तिने आईचा मार खाल्ला होता. तिने पर्स खांद्यावर नीट घेतली आणि बुटांसकट सरळ रांगोळीत पाय टाकला. मधोमध, सावकाश, पार पलीकडेपर्यंत.

मागे वळून न बघता तिने विचारलं,

"उद्या किती वाजता येऊ न्यायला?"