दहा विती जमीन

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. चपला बाहेर राहू द्या, पण मन आत घेऊन या. आज मी तुम्हाला माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगताना मला लाज कमी अन् समाधान जास्त वाटतं.

मी एक जुनी जमीन मोजायची साखळी आहे. लोहाराने लोखंडाच्या शंभर काड्या कड्यांनी गुंफल्या, टोकांना पितळी मुठी बसवल्या आणि मी मोजणी कचेरीत नोकरीला लागले. तळी, पटांगणं, गुरांची कुरणं मी पायाखाली घातली. माझे मोजणीदार साहेब भाविक माणूस. म्हणायचे, "भूमी देवाची. आपण नुसते राखणदार."

ओढून ओढून माझ्या कड्या झिजतात आणि मी लांबते. म्हणून कचेरीच्या आवारात बरोबर एका साखळीच्या अंतरावर खुणेचे दोन दगड रोवले होते. कामाला निघण्याआधी मला त्यांच्यावर ताणून बघायचं, अशी रीत. पण वीस वर्षं लोक म्हणत राहिले, "साहेबांची साखळी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" कौतुक फार गोड असतं हो! साहेब हळूहळू त्या दगडांकडे फिरकेनासे झाले. मीही फुशारले.

अशात लाकडाच्या वखारवाल्या काकांना कुंपण घालायचं होतं. रस्त्यापासून दहा साखळ्या जमीन त्यांची, पुढे ओढ्यापर्यंत सगळ्यांची. आम्ही मोजली, खांब रोवले गेले.

दुसऱ्या दिवशी दोर वळणारी मावशी कचेरीत आली. हद्दीवरची एक खुंटी आणि ओढ्याकाठचं झाड, यांच्यामध्ये ती तीस वर्षं विहिरींचे दोर वळत होती. त्यावरच तिचं पोट.

"साहेब, माझ्या खुंटीला पाय फुटले का? कुंपणाच्या आत जाऊन बसलीय!"

वखारवाले काका मागोमाग आलेच होते. "मावशी, आखूड दोर वळ. गिऱ्हाइकाला सांग, विहीर उथळ करून घे."

"आणि बादली काय वाऱ्यावर सोडू? साहेब, ती खुंटी तुमच्या आधीच्या साहेबांनी स्वतः ठोकून दिलीय."

"खुंटी हिची, साखळी सरकारी," काका म्हणाले. "आता खरी कोण ते तुम्हीच सांगा."

पुढच्या महिन्यात साहेबांची बढती व्हायची होती. 'साखळी खरी' एवढं म्हटलं असतं, तर विषय संपला असता. पण मला खांद्यावर टाकून साहेब आवारातल्या दगडांकडे गेले. गवत बाजूला सारलं, मला ताणलं. मी खुणेच्या पुढे वीतभर गेले! म्हणजे दर साखळीमागे सगळ्यांच्या जमिनीतली एक वीत वखारीत गेली होती. दहा साखळ्या, दहा विती.

साहेब परत आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "मावशी, तुमची खुंटी जागेवरच आहे. मी जागेवर नव्हतो."

नकाशावर त्यांनी लाल शाईने आपली चूक लिहिली, खाली सही केली. लोहाराने माझ्या कड्या आवळल्या. पुन्हा मोजणी झाली, खांब मागे सरकले. काका दोन दिवस फुरंगटले आणि तिसऱ्या दिवशी मावशीला म्हणाले, "एक लांब दोर दे बाई. आता जागा आहे ना तुझ्याकडे!"

साहेबांची बढती हुकली. मावशीने मात्र त्यांच्या टेबलावर हातभर दोर आणून ठेवला. "लाच नाही हो ही. तुमच्या साखळीला बांधायला."

आता मोजणी यंत्रांनी होते. मी कचेरीच्या भिंतीवर त्याच दोराने बांधलेली, सुखात आहे. मित्रांनो, तुम्हीही लोकांच्या कौतुकाने वीतभर लांबला असाल, तर अधूनमधून स्वतःला खुणेच्या दगडावर ताणून बघत जा. आणि कधी सगळ्यांच्या मोकळ्या जागेवर खेळाल, तेव्हा गवत बाजूला सारायला खाली वाकलेल्या माझ्या साहेबांची तेवढी आठवण काढा.