सभेत थरथरलेला मोबाइल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, बाली बेटावरच्या एका खेड्यातला. माझी गोष्ट सांगतो, पण तोंड वर करून सांगायची माझी हिंमत नाही.

कारखान्यात माझी काच बसवली तेव्हा मी कसा चकचकीत होतो! मानिक नावाच्या मुलीने आपल्या पहिल्या पगारातून मला घेतलं. तिचे वडील, बापा रेदाना, गावचे राखणदार. राखणदारीची खूण असलेलं काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड कमरेला बांधून ते रस्त्यात उभे राहिले, की मोटारीसुद्धा मुकाट थांबायच्या. देवळाच्या उत्सवात मी त्यांचा फोटो काढला, तर तो त्यांनी अख्ख्या आळीला दाखवला. मला फार बरं वाटलं.

पुढे मात्र मी मानिकचा हात सोडीना. उजव्या हाताने भात, डाव्या हातात मी. पूजेच्या द्रोणात पांढरी फुलं पूर्वेला ठेवायची, तर ती दक्षिणेला जायची. आई म्हणायची, "देवाला तरी नीट वाढ गं बाई."

मग न्येपीचा दिवस आला, वर्षातला मौनाचा दिवस. दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फिरायचं ते फक्त राखणदारांनी. बेटावरचं नेटही बंद. मानिकने मला इतक्यांदा चालू करून पाहिलं, की मलाच तिची कीव आली. दुपारी बापा नदीच्या बाजूला वळले आणि ही फाटकातून थेट रस्त्यावर! रिकाम्या रस्त्याच्या मधोमध तिने गिरकी घेतली, मी ती टिपली. कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेट आलं आणि मागचापुढचा विचार न करता तिने तो व्हिडिओ जगाला दाखवून टाकला. लोकांनी गावाची वेस ओळखली. राखणदाराचीच पोर! संध्याकाळी गावसभेच्या मंडपात दोघांना बोलावणं आलं.

बापा कमरेच्या कापडाची गाठ सोडायला लागले. म्हणाले, "काल मी परदेशी पाहुण्यांनासुद्धा हात जोडून आत पाठवलं. आता कुठल्या तोंडाने कुणाला अडवू?"

सभेच्या प्रमुखांनी त्यांचा हात धरला. "थांब रे रेदाना. पोर आहे, चुकली. मनापासून माफी मागू दे, शुद्धीची पूजा करू, विषय संपला."

मानिक सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसली. हात जोडले. डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, ते मी सांगतो. "माझ्यामुळे बापांना..." एवढं ती बोलली आणि मी तिच्या कमरपट्ट्यात थरथरलो.

तिचे जोडलेले हात सुटले. एक हात आपसूक कमरेकडे गेला, मला बाहेर काढून तिने पाहिलंसुद्धा. त्याच व्हिडिओला कुणीतरी बदाम धाडला होता. सगळी सभा तिच्याकडे बघत होती. मानिकने दचकून वर पाहिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बापांनी कापड सोडलं, नीट घडी केली आणि प्रमुखांच्या पुढ्यात ठेवलं. या वेळी त्यांचा हात कुणी धरला नाही. मला तिथेच फुटून जावंसं वाटलं.

पुढच्या न्येपीला बापा पहिल्यांदाच घरात बसले होते. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. मानिकने मला आपणहून खणात टाकलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, थरथरणं हे माझं कामच आहे, ते सुटायचं नाही. पण तुमच्या पुढ्यात कुणी माणूस बसलेला असेल, तर मला खुशाल थरथरू द्या. माझं काही बिघडत नाही. बापांचं बिघडलं.