छत्तिसाच्या रिळात चाळीस फोटो

छत्तीस फोटोंच्या रिळात मी चाळीस काढले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी पडले उतावळी. उलट नवऱ्यापुढे फुशारकी मारली, की काटकसर करावी तर माझ्यासारखी.

रिळाचा जुना कॅमेरा मी बाबांसाठी घेतला होता. आईचे सगळे फोटो फोनमध्ये होते आणि एके दिवशी फोनने मान टाकली. बाबांचा फोटो मला हातात धरता येईल असा हवा होता, तोही कामात डोकं घातलेला. उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. आता डोळे साथ देईनात. दुकान बंद करायच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्यासमोर ठाण मांडून बसले. संध्याकाळी टेबलखुर्चीसकट दुकान रिकामं झालं.

स्टुडिओवाल्याने रीळ धुऊन उजेडात धरलं. सुरुवातीचं बोटभर काळं टोक सोडलं तर सगळं कोरं. टोक पलीकडच्या खाचेत अडकलंच नव्हतं म्हणे. आकडा पुढे गेला, रीळ जागच्या जागी. रीळ पुढे सरकवायची दांडी ओढल्यावर डावीकडची चावी फिरते का ते बघायचं असतं, सगळेच नवशिके चुकतात, असंही तो म्हणाला. मला त्याचं सांत्वन नको होतं. तिथेच डोळे भरून आले आणि स्वतःचा असा संताप आला की कॅमेरा भिंतीवर आपटावा. आपटला नाही. नवं रीळ घेतलं आणि वाया गेलेलंही मागून घेतलं.

बाबांना म्हटलं, दुकान नसलं तर नसलं, घरीच कामाला बसा. ते उखडले. काम संपलं, आता नाटक करायला सांगू नकोस, असं बजावून त्यांनी भिंग डबीत टाकलं.

मीही त्यांचीच मुलगी. खिडकीपाशी बसून वाया गेलेलं रीळ भरायला लागले. दहा वेळा भरलं, दहाही वेळा टोक निसटलं. शेवटी बाबांनाच राहवेना. ते येऊन बसले, डबीतून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कॅमेरा ओढून घेतला. मी नको तिथे जोर लावते म्हणाले. टोक दात्यांवर कसं बसवायचं ते दाखवलं, आणि वीस वेळा करून घेतलं. मग मी नवं रीळ भरलं. दांडी ओढली, चावी फिरली.

भिंग अजून त्यांच्या डोळ्यालाच होतं. मी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं.

"हे नाटक नाही. गेले सहा महिने मागे पडतंय."

"घड्याळजीची मुलगी, आणि सहा महिने?" पुटपुटत त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मान खाली घातली. मी बटण दाबलं, दांडी ओढली.

"फिरली का गं चावी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"फिरली, बाबा."

"मग काढ सावकाश. या घड्याळाला मी वेळ लावणार आहे."