कानाला न लागलेला हात

शाळा सुरू झाली त्या सोमवारी अनुसया आपल्या पारूला घेऊन माले गावाच्या पलीकडल्या वाडीतल्या शाळेत तिसऱ्यांदा गेली. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. म्हणून गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. लागला की मूल सहा वर्षांचं, आणि नाव पटावर.

पारूने हात टाकला. बोटं कानाच्या वरच राहिली. तिने हळूच मान वाकडी केली, गुरुजींनी ती सरळ केली.

"पुढच्या वर्षी या."

"गुरुजी, आठवं सरलं तिचं! तिच्या मागनं जल्मलेली पोरं दुसरीत बसत्यात."

"मी रोज फांदीला लोंबकळतीया," पारू म्हणाली. "हात लांब व्हावा म्हून."

लस टोचायला आलेल्या नर्स लीलाबाई जवळ आल्या. त्यांनी पारूचं काडीसारखं मनगट हातात घेतलं. "ही पोटात असताना तू किती जेवत होतीस गं?"

"आर्धी भाकरी. समदी जेवल्यावर उरंल ती. सासूबाई म्हनायच्या, लई खाल्लं की पोर मोटं हुतं नि अडतं."

"आणि झाल्यावर?"

"वरसात पुन्यांदा दिवस गेलं. मग हिला अंगावरचं तोडलं. पेजंच्या पान्यावर ठेवली. ते दुसरं बी जगलं न्हाई."

लीलाबाईंनी मनगट हळूच सोडलं. "अगं, पोटात आणि पहिल्या दोन वर्षांतच मूल खरं वाढतं."

"आता खाऊ घातलं तर वाढंल न्हवं?"

"थोडी वाढेल. गेलं ते सगळं भरून येत नाही."

अनुसयेचा हात पोटावर गेला. तिला पाचवा महिना होता. गुरुजींनी मान खाली घालून पारूचं नाव पटावर लिहिलं. वाया गेलेल्या दोन वर्षांचा जाब त्यांना कुणी विचारला नाही.

घरी सासू साळूबाई नाचणीच्या भाकरी थापत होती. ती दुष्ट नव्हती. तिची स्वतःची लेक बाळंतपणात अडून मेली होती, आणि त्या धास्तीपायी ती सुनेला उपाशी ठेवत होती. अशा मायेने आपल्याकडे किती लेकरं खुरटली असतील, विचार केला तरी जीव कासावीस होतो!

अनुसयेने टोपल्यातली अख्खी भाकरी उचलली.

"आगं, माजा ल्योक धाकलू यायचाय रानातनं! आन येवढं खाऊन पोर अडलं मंग?"

"अडलं तर पौडच्या दवाखान्यात जाईन, आत्याबाई. पन ह्याला उपाशी ठेवनार न्हाई."

रडत रडत तिने पहिला घास गिळला आणि दुसरी भाकरी पारूपुढे ठेवली. पारूने ती मागे सारली.

"आये, बाबा जेवलं न्हाईत अजून. आपन उरल्यावर."

शाळेने तिला अजून एक अक्षरही शिकवलं नव्हतं. हे मात्र घरानेच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

"बस हितं," अनुसया म्हणाली. "आदी तू खा."

पारू बसली. पण प्रत्येक घासाला ती दाराकडे बघत होती, कुणी येतंय का म्हणून.